प्रस्तावना : शून्य रुपयांची पावती

‘भाऊ, पुडे एकशे वीस, अन् पैसे शून्य?’

फोनवरचा हा आवाज फळीमुन्शीचा, म्हणजे फळीवर, तेंदूच्या संकलन केंद्रावर, पुडे मोजून घेणाऱ्याचा. मे महिना, तेंदूपत्त्याच्या हंगामाचा दुसरा दिवस, संध्याकाळची वेळ. पहाटे अंधारात जंगलात गेलेली माणसं दुपारभर पानं जुळवून, पुडे बांधून फळीवर आलेली. मुन्शीनं पुडे मोजले, आम्ही दिलेल्या वेब ॲपमध्ये आकडा भरला, आणि मोबाइलच्या पडद्यावर पावती उमटली. कुटुंबाचं नाव बरोबर, तारीख बरोबर, पुडे बरोबर. रक्कम शून्य.

मी लगोलग लॅपटॉप उघडला. आदल्या रात्री आपोआप चाललेल्या सगळ्या चाचण्या हिरव्या होत्या. एकही लाल नाही. फळीवरची रांग मात्र थांबली होती, आणि मुन्शी शेवटी आपल्या नेहमीच्या वहीकडे वळला.

चूक सापडायला दोन दिवस लागले. आमची तिसरी चाचणी हंगामाचा भाव भरून पाहायची : भाव टाका, जतन करा, दिसतो का बघा. ती पास व्हायची आणि तो भाव डेटाबेसमध्ये तसाच सोडून निघून जायची. सातवी चाचणी पावतीची. तिला भाव लागायचा, आणि तिसरीनं मागे ठेवलेला भाव तिला आयता मिळायचा. कुणी ठरवून असं केलं नव्हतं. त्या क्रमानं लिहिल्या गेल्या, त्या क्रमानं चालत राहिल्या. पण ज्या ग्रामसभेत भाव अजून भरलेलाच नाही, तिथं काय होतं, हा प्रश्न आमच्या चाचण्यांनी कधी विचारलाच नाही. तो पहिल्यांदा त्या फळीवर विचारला गेला, रांगेतल्या शंभरेक माणसांसमोर.

ही पुस्तिका त्या दोन दिवसांतून निघाली. तिचा विषय अगदी चिंचोळा आहे : वेब ॲपची ब्राउझरमधून, या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचणी घेताना लागणारी पूर्वतयारी एकदाच नीट लिहून ती पुन्हा पुन्हा कशी वापरायची. या तयारीला चाचणीवाल्यांच्या भाषेत फिक्श्चर म्हणतात. चामोर्शी, गडचिरोली, मूल, चंद्रपूर इथल्या महाविद्यालयांतून बीसीए किंवा एमसीए करणारी जी मुलंमुली माझ्याकडे शिकायला आली, त्यांना इंग्रजी दस्तऐवज वाचता येत होते. पण त्यांतली उदाहरणं असायची दुकानातल्या खरेदीच्या टोपलीची. म्हणून इथली सगळी उदाहरणं तेंदूपत्त्याची आहेत.

ज्यांना तेंदूपत्ता, म्हणजे बिडीचं पान, ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडं. अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांच्यामुळे गडचिरोलीतल्या पुष्कळ ग्रामसभा आता आपला तेंदू स्वतः विकतात, लिलाव स्वतः करतात, मजुरी स्वतः वाटतात. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाणित गोणी. मजुरीचा भाव शेकड्यावर ठरतो. पुडे फळीवर वाळत घालायचे, पलटायचे, मग बोदात, म्हणजे मोठ्या पोत्यात, भरायचे. हे सगळं काही मोजक्या दिवसांत उरकतं, कारण एक वळवाची सर आली की पानाचा रंग आणि किंमत दोन्ही उतरतात. हिशेबाचं कोणतंही सॉफ्टवेअर या दिवसांत शिकून, चुकून, सुधारून घेता येत नाही. खरी फळी भरलेली असताना तुम्हाला चुकायची मुभा नसते, आणि फळी नसताना चूक दिसत नाही. मग उरलेले अकरा महिने संगणकात खोटी फळी उभी करण्यावाचून मार्ग नाही.

ती खोटी फळी म्हणजेच फिक्श्चर.

शब्द कारखान्यातला आहे. चंद्रपूरच्या आयटीआयमधून फिटर किंवा टर्नर होऊन बाहेर पडलेल्या कुणालाही विचारा. मशीनवर जॉब घट्ट धरून ठेवतं ते फिक्श्चर. हत्याराला वाट दाखवणारा तो जिग. फिक्श्चर स्वतः काही कापत नाही, भोक पाडत नाही. त्याचं काम एवढंच, की पहिला जॉब जिथं बसला, पाचशेवा जॉबही नेमका तिथंच बसला पाहिजे. संगणकवाल्यांनी हा शब्द उचलला तेव्हा त्याचा अर्थही जवळजवळ तसाच राहिला. मी त्याला मराठी प्रतिशब्द शोधत बसलो नाही. ‘पूर्वरचना’, ‘सिद्धता’ वगैरे काही दिवस वापरून पाहिले. विद्यार्थी नम्रपणे ऐकून घेत आणि आपापसात फिक्श्चरच म्हणत.

या कल्पनेचा इतिहास लहानच आहे. केंट बेक यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी चाचण्यांचा एक साधा सांगाडा केला होता. १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात त्यांनी आणि एरिक गामा यांनी मिळून तो जावात उतरवला, तो जेयुनिट. प्रत्येक चाचणीआधी एक मांडणीची पायरी आणि नंतर एक आवराआवरीची पायरी, ही जोडी तिथून घरोघरी गेली. ब्राउझर आपोआप चालवणारं सेलेनियम २००४ मध्ये शिकागोच्या थॉटवर्क्समध्ये जेसन हगिन्स यांनी सुरू केलं. त्या काळी बाजारात मर्क्युरी नावाच्या कंपनीचं चाचणीचं साधन होतं. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषावर सेलेनियम उतारा म्हणून हे नाव, अशी ती गंमत. पुढे पायथनच्या पायटेस्टनं फिक्श्चरला खरं रूप दिलं, आणि २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट आलं. या पुस्तिकेतली उदाहरणं प्लेराइटची आहेत, पण ज्याला पायटेस्ट येतं त्याला ती परकी वाटणार नाहीत.

जुन्या जोडीत एक अडचण होती. मांडणीची पायरी फायलीतल्या सगळ्या चाचण्यांना सारखीच. एका चाचणीला फक्त रिकामी ग्रामसभा हवी, दुसरीला भाव ठरलेला हंगाम हवा, तिसरीला लॉगिन केलेला मुन्शी हवा. पण मांडणी एकच, म्हणून ती फुगत जायची. नव्या पद्धतीत चाचणी आपल्याला काय हवं ते नावानं मागते. ‘हंगाम’ मागितला, तर साधन बघतं की हंगामाला ग्रामसभा लागते, मग आधी ग्रामसभा उभी करतं, मग हंगाम. ‘भाव’ मागितलाच नाही, तर भाव तयारच होत नाही. प्रत्येक फिक्श्चर हे मधोमध थांबणारं एक फंक्शन असतं. वरच्या अर्ध्यात वस्तू तयार करायची, ती चाचणीच्या हाती द्यायची आणि तिथंच वाट बघत उभं राहायचं. चाचणी संपली, मग ती पास होवो वा नापास, की खालचं अर्धं चालतं आणि आवराआवर होते. मांडणी आणि आवराआवर एकाच जागी, एकाखाली एक लिहिलेली असते हा याचा मोठा गुण. पूर्वी त्या दोन निरनिराळ्या ठिकाणी असत आणि त्यांचं पटत नसे.

आवराआवर नेहमी उलट्या क्रमानं होते. हे वर्गात सांगताना मला उदाहरण लांब शोधावं लागत नाही. मी हे लिहितो आहे ते मार्कंड्याला. वैनगंगा इथं वळसा घेऊन उत्तरेकडे वाहते आणि त्या काठावर मार्कंडेश्वराचं देऊळ आहे. दुरुस्तीसाठी या देवळाचं शिखर उतरवलं गेलं आणि पुढचं काम वर्षानुवर्षं लांबलं. कळस शेवटी चढतो, म्हणून उतरवताना तो आधी उतरतो. खालचा थर वरच्याच्या आधी काढता येत नाही. ग्रामसभा पुसून मग तिचा हंगाम पुसायला गेलात, तर डेटाबेसही तुम्हाला हेच सांगेल, फक्त जरा उद्धटपणे. शिखर पाहून आलेल्या एका विद्यार्थिनीनं विचारलं होतं, ‘सर, उतरवलेलं पुन्हा चढवायचं फंक्शन कुणी लिहिलं नाही का?’ वर्ग हसला. मला हसू आलं नाही.

देवळापेक्षाही जवळचा दाखला म्हणजे आमच्या झाडीपट्टीचं, पूर्व विदर्भातलं, नाटक. दिवाळी उलटली की वडसा म्हणजे देसाईगंजच्या नाटक कंपन्या बाहेर पडतात, ते होळीपर्यंत. आज या गावच्या मंडईत (जत्रेत), उद्या त्या गावच्या शंकरपटाला (बैलांच्या शर्यतीला), रात्रभराचं नाटक. महालाचा पडदा, जंगलाचा पडदा, दिवे, माइक, पेटी-तबला, सगळं गाडीत. तोच पडदा वेगवेगळ्या नाटकांत लागतो. पुनर्वापर म्हणतात तो हाच. पण कालच्या गावात रोवलेल्या बांबूवर आजचा पडदा कुणी टांगत नाही. रंगमंच रोज नव्यानं बांधला जातो. सामान तेच ठेवायचं, जमीन कालची वापरायची नाही. आमच्या सातव्या चाचणीनं कालच्या बांबूवर पडदा टांगला होता.

आता सामान कोणतं आणि जमीन कोणती, हे ठरवणं हाच या कामातला खरा निर्णय आहे आणि पुस्तिकेची निम्मी पानं त्यावरच खर्च झाली आहेत. प्लेराइटमध्ये फिक्श्चरला दोन आयुष्यं देता येतात : एका चाचणीपुरतं, किंवा चाचण्या चालवणाऱ्या एका कामगार-प्रक्रियेपुरतं. ब्राउझर सुरू करणं महाग, म्हणून तो कामगारामागे एकच. त्या ब्राउझरच्या आत कुकी, साठवण, लॉगिन सगळं वेगळं असलेली एक कोरी खोली मात्र स्वस्त. ती प्रत्येक चाचणीला नवी. लॉगिनचं तसंच. नाव आणि पासवर्ड टाइप करून आत जाणं याची एक स्वतंत्र चाचणी असावी, आणि बाकी सगळ्यांनी एकदा केलेल्या लॉगिनची जतन केलेली अवस्था उचलून थेट आत शिरावं. दर चाचणीत दारावरची बेल वाजवत बसायचं कारण नाही.

इथंच मी दुसऱ्यांदा तोंडावर पडलो. जतन केलेलं लॉगिन एका मुन्शीचं होतं, आणि चार कामगार एकाच वेळी त्याच मुन्शीच्या नावानं काम करत होते. एक चाचणी हंगाम बंद करायची. दुसरी त्याच क्षणी पुडे भरायची आणि नापास व्हायची. पुन्हा एकटी चालवली की पास. अशा चाचणीला आम्ही ‘अंगात येणारी’ म्हणायचो. अशी एक जरी असली तरी आठवडाभरात सगळे लालकडे बघायचं सोडून देतात, आणि मग खरं लालही कुणी बघत नाही. उपाय साधा होता : प्रत्येक कामगाराला आपापला मुन्शी, आपापली ग्रामसभा, आणि तिच्या नावाच्या शेपटीला कामगाराचा क्रमांक. हे जमल्यावर आवराआवरीचं महत्त्वही कमी झालं. चाचणी मध्येच मेली, वीज गेली, कुणी केबल ओढली, तर खालचं अर्धं चालतच नाही. म्हणून आवराआवरीवर भिस्त ठेवण्यापेक्षा दरवेळी नव्या नावाची कोरी ग्रामसभा काढणं मला जास्त खात्रीचं वाटतं. साफसफाई रात्री एकदा, घाऊक.

ही ग्रामसभा पडद्यावर क्लिक करत उभी करायची नाही. नोंदणीचा अर्ज चालतो का हे एका चाचणीनं बघितलं की पुरे. बाकीच्यांसाठी फिक्श्चरनं सर्व्हरशी थेट बोलावं आणि क्षणात काम उरकावं. आणि तिच्यात माणसं भरायची ती बनावट. यावर मी हट्टी आहे. एका ठिकाणी चाचणीसाठी म्हणून खरी यादीच उतरवून घेतलेली मी पाहिली आहे : नावं, बँक खाती, आधार क्रमांक, सगळं. ‘आपल्याच सर्व्हरवर आहे, कोण बघतंय?’ असं उत्तर मिळालं. चाचणी फसली की प्लेराइट पडद्याचा फोटो काढून ठेवू शकतं, आणि तो फोटो मग चाचणीच्या अहवालातून कुठंही जातो. तेंदू तोडणाऱ्या बाईचा खातेक्रमांक त्यात असायचं काही कारण नाही.

मराठीत काम करणाऱ्यांना जी फिक्श्चरं लागतात, ती बाहेरच्या पुस्तकांत सापडत नाहीत, म्हणून त्यांवर मी सढळ हातानं लिहिलं आहे. ब्राउझरला मराठी-भारत ही भाषा सांगितली की त्याचं आकडे मांडणारं यंत्र आपोआप देवनागरी आकडे देतं. हिंदी-भारत सांगितलं तर इंग्रजी आकडे देतं. हा फरक ठाऊक नसलेली चाचणी एका मशीनवर पास आणि दुसऱ्यावर नापास होते. उलट बाजूनं बघा : मुन्शीनं मराठी कळफलकावरून ‘१२०’ भरलं, तर जावास्क्रिप्टच्या नेहमीच्या रूपांतराला तो आकडा वाटतच नाही. सर्व्हरवरचं पायथन मात्र तोच मजकूर बिनतक्रार एकशे वीस म्हणून स्वीकारतं. एकाच ॲपची दोन टोकं एकाच आकड्याबद्दल वेगळं बोलतात; टोकापासून टोकापर्यंत चाचणी का, याला मला यापेक्षा चांगलं उत्तर सापडलेलं नाही.

तसंच नावांचं. ‘दऱ्या’ किंवा ‘कऱ्हाडे’ यांतला तो अर्धा र दोन-तीन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्याला एकच दिसतो. संगणकाला ती वेगळी अक्षरं असतात आणि युनिकोडचं प्रमाणीकरण त्यांतल्या सगळ्यांना एक करत नाही. एका फळीवर नोंदवलेलं कुटुंब दुसऱ्या मोबाइलवरून शोधलं तर सापडत नाही. म्हणून आमच्या ‘कुटुंबं’ या फिक्श्चरमध्ये असं एक आडनाव दोन तऱ्हांनी मुद्दाम घातलेलं आहे. ज्या सर्व्हरवर चाचण्या चालतात, तिथं पुष्कळदा देवनागरी फॉन्ट नसतो; मग पडद्याच्या फोटोत नावांऐवजी रिकामे चौकोन येतात आणि फोटोची तुलना करणारी चाचणी चौकोनाशी चौकोन जुळवून खूश होते. वेळेचंही असंच. सर्व्हरचं घड्याळ ग्रिनिचचं. आपण साडेपाच तास पुढे. पहाटे पाच वाजता मुन्शीनं कालची राहिलेली नोंद भरली तर इथं आजची तारीख, तिथं अजून कालचीच. भाषा मराठी, वेळ कोलकात्याची, घड्याळ मे महिन्यातल्या एका ठरलेल्या पहाटेवर रोखलेलं, हे तिन्ही मिळून आमचं ‘मे पहाट’ नावाचं फिक्श्चर होतं. आणि टॉवर गेलेला असणं हेही एक फिक्श्चरच आहे. प्लेराइटमध्ये नेटवर्क तोडायला एक ओळ पुरते, आणि गडचिरोलीच्या दुर्गम भामरागड-एटापल्लीकडे जाऊन आलेल्या कुणालाही ती ओळ अपवादात्मक वाटणार नाही. आमच्याकडे तर निम्म्या चाचण्या तीच मागतात.

एक कबुली द्यायला हवी. फिक्श्चरची गोडी लागली की हात थांबत नाही. मी एकदा ‘पूर्ण ग्रामसभा’ असं एक लिहिलं : शेकडो कुटुंबं, तीन फळ्या, सगळे हुद्दे, मागच्या हंगामाचा हिशेब, बोदांची मोजणी, सगळं. प्रत्येक चाचणी तेच मागू लागली. चाचण्या मंद झाल्या हे वेगळंच. पण चाचणी वाचून काही कळेना. ‘पावतीवर चारशे ऐंशी रुपये दिसावेत’ असं शेवटी लिहिलेलं, पण चारशे ऐंशी का, ते दोन फायली पलीकडे दडलेलं. तेव्हापासून मी एक पथ्य पाळतो. ज्या आकड्याची परीक्षा आहे तो चाचणीतच, डोळ्यांसमोर : शेकडा चारशे रुपये भाव, एकशे वीस पुडे, रक्कम चारशे ऐंशी. गावाचं नाव काय, मुन्शी कोण, हे फिक्श्चरमध्ये गेलं तरी चालेल. न मागता आपोआप चालणारी फिक्श्चरंही प्लेराइटमध्ये करता येतात. ती मी जवळजवळ वापरत नाही. स्वयंपाकघरात मीठ कोण टाकून गेलं हे कळेनासं होतं.

पुस्तिकेचा क्रम थोडा उलटा वाटेल. पहिल्या प्रकरणात भरलेली फळी नाही. तिथं ‘भाव नसलेली ग्रामसभा’ आहे : नाव आहे, कुटुंबं आहेत, हंगाम उघडला आहे, आणि भाव नाही. ज्यांना थेट प्लेराइटची वाक्यरचना हवी, त्यांनी दुसऱ्यापासून सुरुवात केली तरी मी रागावणार नाही.

त्या शून्य रुपयांच्या पावतीनंतर वर्षभरानं आम्ही पुन्हा मेमध्ये उतरलो. ‘भाव नसलेली ग्रामसभा’ ही चाचणी तोवर रोज रात्री चालत होती आणि रोज हिरवी होत होती. पहिल्याच संध्याकाळी फोन वाजला. तोच मुन्शी. पडद्यावर पावतीच्या जागी आम्ही घातलेली सूचना आली होती : या हंगामाचा भाव अजून भरलेला नाही.

‘हे तं मलेबी मालूम आहे, भाऊ,’ तो म्हणाला. ‘पण भरते कोण? मले तं बटनच नाही दिसत.’

भाव भरायचा हक्क ॲपमध्ये ग्रामसभेच्या अध्यक्षाला होता. अध्यक्ष लिलावाच्या कामाला गडचिरोलीला गेलेले होते, आणि ‘अध्यक्ष गावात नसलेली ग्रामसभा’ असं फिक्श्चर आमच्याकडे नव्हतं. ते आता नवव्या प्रकरणात आहे.

मार्कंडा, महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी